एचआयव्हीची औषधं चालू असताना रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर आणि बाणांवर जाते. एचआयव्हीच्या औषधांवर असलेल्या माणसाची इथेच फसगत होते. तो बाण संगणक छापतो. तुम्ही कोणती गोळी घेता, गेल्या खेपेचा आकडा काय होता, रक्त दिलं त्या दिवशी ताप होता का, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. त्यामुळे बाण असलेला आकडा कित्येकदा निरुपद्रवी असतो आणि खरी काळजीची गोष्ट बाणाशिवाय निघून जाते.

चुका दोन प्रकारच्या होतात. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, घसरला म्हणून कुणी झोप घालवून बसतं; क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढलं म्हणून कुणी परस्पर गोळी बंद करतं. उलट व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ‘सापडला नाही’ असं आलं की बाकीची पानं न बघताच फाईल मिटली जाते. दोन्ही टाळायचं तर रिपोर्ट ठरलेल्या क्रमाने वाचावा लागतो. तो क्रम पुढे दिला आहे. मधला टप्पा गाळू नका, कारण प्रत्येक टप्प्याचा अर्थ आधीच्या टप्प्यावर ठरतो.

## १. रक्त द्यायला जाण्याआधी

व्हायरल लोड आणि सीडी४ साठी उपाशी राहायची गरज नाही. साखर आणि चरबीच्या तपासण्या, म्हणजे लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी सांगितल्या असतील तर ८ ते १२ तास काही खायचं नाही. पाणी मात्र प्यायचं. पाणी न पिता गेलात तर क्रिएटिनिन विनाकारण वाढलेलं दिसू शकतं.

त्या दिवसाची गोळी चुकवायची नाही. ‘उपाशी या’ याचा अर्थ ‘गोळी घेऊ नका’ असा पुष्कळ जण करून घेतात, तो चुकीचा आहे. जी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, उदाहरणार्थ रिल्पिव्हिरीन किंवा अटाझानाविर, ती रक्त देऊन झाल्यावर जेवणासोबत घ्या. बाकीच्या नेहमीच्या वेळी.

आदल्या दोन दिवसांत जड व्यायाम टाळा. स्नायूंवर ताण आला की क्रिएटिनिन वाढतं आणि यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी हे आकडेही वर जातात. मग यकृत बिघडल्याचा गैरसमज होतो. आदल्या रात्री भरपूर मांसाहार आणि व्यायामशाळेतली क्रिएटिन पावडर यांनीही क्रिएटिनिन वर जातं. पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच.

नुकताच ताप, फ्लू, जुलाब होऊन गेले असतील किंवा लस घेतली असेल तर व्हायरल लोड काही दिवस थोडा वर दिसू शकतो. नेहमीची तपासणी असेल तर डॉक्टरांना विचारून ती साधारण चार आठवडे पुढे ढकलता येते. ढकलता येत नसेल तर तारीख आणि आजार लिहून ठेवा.

इशारा: एरवी गोळ्या चुकवून तपासणीच्या आधीचे दोन-तीन आठवडे नेमाने घेऊ नका. रिपोर्ट कदाचित चांगला येईल, पण डॉक्टरांना खोटं चित्र दिसेल. विषाणू औषधाला दाद न देणारा होत चालला असेल तर ते कळायला उशीर होईल, आणि त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल.

## २. आकड्यांआधी वरच्या ओळी

पहिला आकडा वाचण्याआधी या पाच गोष्टी बघा:

- नाव किंवा नोंदणी क्रमांक तुमचाच आहे का.
- नमुना घेतल्याची तारीख. रिपोर्ट छापल्याची तारीख वेगळी असते आणि तुलनेसाठी तिचा उपयोग नसतो.
- नमुन्याचा प्रकार. प्लाझ्मावर, म्हणजे रक्तद्रवावर, केलेला व्हायरल लोड बारीक आकडेही पकडतो. कागदावरच्या वाळलेल्या रक्ताच्या थेंबावर केलेली तपासणी इतकी बारीक नसते. दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.
- एकक. क्रिएटिनिन एका प्रयोगशाळेत १.० येतं आणि दुसरीत ८८. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला, दुसरा मायक्रोमोल प्रति लिटरमधला. दोन्ही एकच.
- तळाशी लिहिलेला शेरा. ‘हिमोलाइज्ड’ असं लिहिलं असेल तर नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या. मग पोटॅशियम आणि एसजीओटी खोटे वाढलेले दिसतात. तपासणी पुन्हा करून घ्यायची.

तपासा: मागचे किमान दोन रिपोर्ट समोर आहेत ना? नसतील तर आधी शोधून आणा. एकट्या रिपोर्टवरून अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही.

## ३. पहिला आकडा व्हायरल लोडचा

सगळ्यात आधी हाच वाचायचा. औषध आपलं काम करतंय का, या प्रश्नाचं थेट उत्तर फक्त इथे मिळतं. एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत, ते हा आकडा सांगतो.

शब्दांकडे नीट बघा. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे यंत्राला विषाणू सापडलाच नाही. ‘डिटेक्टेड, <२०’ म्हणजे सापडला, पण मोजता येण्याइतका नाही. दोन्ही उत्तम. पहिल्याच्या जागी पुढच्या वेळी दुसरं आलं म्हणून प्रकृती बिघडली असं होत नाही. यंत्राची मोजण्याची खालची मर्यादाही वेगवेगळी असते. कुठे २०, कुठे ४०, कुठे ५०. मागच्या खेपेला ‘<२०’ आणि या खेपेला ‘<४०’ असेल तर यंत्र बदललंय, तुमची तब्येत नाही.

मोजता येणारा आकडा आला असेल तर ढोबळ पायऱ्या अशा:

- ५० च्या खाली: औषध चोख काम करतंय.
- ५० ते २००: एकदाच आलं आणि पुढच्या वेळी पुन्हा खाली गेलं तर त्याला ‘ब्लिप’ म्हणतात. बहुतेक वेळा तो मोजणीतला फरक किंवा नुकत्याच झालेल्या आजाराचा परिणाम असतो. पुन्हा तपासणी करायची, औषध बदलायचं नाही.
- २०० ते १०००: दुर्लक्ष नको. गोळ्या कशा घेतल्या जातायत ते बघायचं आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.
- १००० च्या वर: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार विषाणू आटोक्यात नाही. तरीही एका रिपोर्टवरून औषध निकामी झालं असं ठरत नाही. चौथा टप्पा नीट वाचा.

आकडा दुप्पट झाला की लोक हादरतात. या तपासणीत मात्र साधारण तिपटीपेक्षा कमी फरक मोजणीच्या चुकीतही बसतो. म्हणून बऱ्याच रिपोर्टांवर शेजारी ‘लॉग’ छापलेला असतो. लॉग ३ म्हणजे १०००, लॉग ४ म्हणजे १०,०००. लॉगमध्ये ०.५ पेक्षा जास्त बदल झाला तर तो खरा धरायचा. ४० चे ९० झाले याला फारसा अर्थ नाही. ३०० चे ३००० झाले याला आहे.

व्हायरल लोड २०० च्या खाली टिकून असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे आणि ते पूर्ण विश्वासाने मानावं. स्तनपानाला मात्र हीच खात्री जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे धोका खूपच कमी होतो, शून्य होतो असं म्हणता येत नाही. त्याबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला.

इशारा: ‘सापडला नाही’ म्हणजे बरा झाला नाही. विषाणू काही पेशींमध्ये दडून राहतो आणि औषध थांबवलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत परत येतो. निगेटिव्ह झालो का हे बघायला पुन्हा अँटिबॉडी चाचणी करण्यातही अर्थ नाही. ती पॉझिटिव्हच येत राहते, त्यावरून उपचाराबद्दल काहीच कळत नाही.

इशारा: नेहमीची व्हायरल लोड तपासणी एचआयव्ही-१ ची असते. तुम्हाला एचआयव्ही-२ असेल तर ती कायम ‘सापडला नाही’ असंच सांगेल. आपला प्रकार कोणता, हे जुन्या कागदांवरून एकदा नक्की करून घ्या.

## ४. व्हायरल लोड वाढलेला असेल तर

इथे घाईने सगळा क्रम उलटा केला जातो. आधी औषध बदलायची मागणी, मग दुसऱ्या प्रयोगशाळेत धाव, आणि गोळ्या किती चुकल्या हा प्रश्न सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही. तो सगळ्यात आधी यायला हवा.

पहिलं, गेल्या महिन्यातल्या चुकलेल्या गोळ्या मोजा. ‘नियमित घेतो’ हे उत्तर पुरत नाही. किती चुकल्या, कोणत्या दिवशी, का: प्रवास, रात्रपाळी, घरात पाहुणे असल्यामुळे डबी काढता आली नाही, मन खचलं होतं, गोळ्या संपल्या होत्या. खरं कारण सांगितलं तरच त्यावर उपाय निघतो. चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत. रागावणारे भेटले तरी खरंच सांगा, कारण औषध बदलायचं की नाही हे याच माहितीवर ठरतं.

दुसरं, गोळीबरोबर पोटात आणखी काय जातं ते लिहा. डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीवरची गोळी घेणाऱ्यांची ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. कॅल्शियम, लोह आणि मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं पोटातच या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात नीट उतरत नाही. ॲसिडिटीच्या अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर डोल्युटेग्राविर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाला एक सवलत आहे, भरल्या पोटी जेवणासोबत ती डोल्युटेग्राविरबरोबर चालतात. रिकाम्या पोटी मात्र तेच दोन आणि सहा तासांचं अंतर. क्षयरोगावरची रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी उतरवतात. यातलं काही नव्याने सुरू झालं असेल तर लगेच सांगा.

तिसरं, पुन्हा तपासणी. गोळ्या नीट सुरू करून साधारण तीन महिन्यांनी. बहुतेकांचा आकडा इथेच खाली येतो.

चौथं, तरीही वर राहिला तर औषधाला विषाणू दाद देतो का हे बघणारी रेझिस्टन्स तपासणी. ही औषध चालू असतानाच करायची. औषध सोडून काही आठवडे गेले की जुना, साधा विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला विषाणू तपासणीत दिसेनासा होतो. आकडा फार कमी असेल तर या तपासणीचा निकालच निघत नाही. साधारण ५०० ते १००० च्या वर असेल तर सहसा निघतो. तुम्ही डोल्युटेग्राविरवर असाल तर तपासणीत ‘इंटिग्रेज’, म्हणजे ही गोळी विषाणूच्या ज्या भागावर काम करते तो, धरलंय का, हे रक्त देण्याआधी विचारा. काही ठिकाणी ते वेगळं सांगावं लागतं.

इशारा: गरोदर असाल तर तीन महिने थांबायचं नाही. व्हायरल लोड वाढलेला दिसला की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

## ५. मग सीडी४

सीडी४ हा दुसरा आकडा आहे, तरी बहुतेकांचा जीव त्यातच अडकलेला असतो. तो प्रतिकारशक्तीची शिल्लक सांगतो, औषध काम करतंय का ते नाही. निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १५०० असतो.

हा आकडा फार हलता आहे. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. सर्दी-तापाने खाली, स्टेरॉइडने खाली. दोन तपासण्यांमध्ये ३० टक्क्यांपर्यंतचा फरक काहीही बिघडलेलं नसताना पडू शकतो. म्हणून शेजारचा सीडी४ टक्का बघा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी किती टक्के सीडी४ आहेत ते. तो तुलनेने स्थिर असतो.

समजा, मागच्या वर्षी सीडी४ ६४० होता आणि टक्का २९. यंदा ४८० आणि २८. बाण खाली, चेहरा उतरलेला. पण टक्का जवळपास तोच आहे आणि व्हायरल लोड ‘सापडला नाही’. म्हणजे त्या दिवशी एकूण लिम्फोसाइट कमी होते, एवढंच. हीच घसरण टक्क्यातही दिसली असती, २९ वरून १९, तर पुन्हा तपासणी करणं गरजेचं होतं.

उपचाराच्या पहिल्या वर्षात सीडी४ साधारण ५० ते १५० ने वाढतो, पुढे वाढ मंदावते. उशिरा उपचार सुरू झालेल्यांचा आणि वय जास्त असलेल्यांचा आकडा कधीकधी ३००-३५० वर अडून बसतो. व्हायरल लोड दबलेला असेल तर त्यासाठी औषध बदलून फायदा होत नाही. ‘सीडी४ वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं टॉनिक तर मुळीच घेऊ नका. पैसे जातातच, शिवाय त्यातली कॅल्शियम-लोहासारखी द्रव्यं गोळीच्या आड येऊ शकतात.

तब्येत स्थिर आणि व्हायरल लोड सातत्याने दबलेला असेल तर बरेच डॉक्टर सीडी४ करणं थांबवतात. हे दुर्लक्ष नाही. त्या टप्प्यावर या आकड्याने निर्णय बदलत नाही.

तपासा: सीडी४ २०० च्या खाली किंवा टक्का १४ च्या खाली आहे का? असेल तर इतर संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्साझोल गोळी सुरू आहे का आणि क्षयरोगाची व क्रिप्टोकॉकल अँटिजनची, म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या एका बुरशीची, तपासणी झाली का, हे याच भेटीत विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये नुसता आकडा न बघता टक्काच बघायचा असतो.

## ६. बाकीची पानं आपल्या गोळीप्रमाणे वाचा

गोळ्यांच्या डबीवरची नावं कागदावर उतरवा आणि मग रिपोर्टची ही पानं उघडा. एकाच आकड्याचा अर्थ गोळीगणिक बदलतो.

मूत्रपिंड. टेनोफोविर, त्यातही जुन्या प्रकारचं म्हणजे टीडीएफ, घेणाऱ्यांनी क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) आणि लघवीतली प्रथिनं बघायची. ईजीएफआर ५० च्या खाली गेला तर टीडीएफ चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आकडा अजून ‘नॉर्मल’ आहे, पण पहिल्यापेक्षा चौथा हिस्सा घसरलाय, तर तेही दाखवा. त्यावर बाण येणार नाही. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर दिसली किंवा रक्तातलं फॉस्फेट कमी आलं, तर टेनोफोविरने मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा होत असल्याची ती खूण असू शकते. मधुमेहावरच्या काही नव्या गोळ्यांनीही लघवीत साखर येते, म्हणून सगळी औषधं सांगायची.

इथेच एक फसवा बाण असतो. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन साधारण ०.१ ते ०.१५ ने वाढतं आणि मग तिथेच थांबतं. ०.८५, मग ०.९८, मग ०.९७. मूत्रपिंड तेवढंच काम करत असतं, फक्त क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट ही गोळी अडवते. कोबिसिस्टॅट (दुसऱ्या एचआयव्ही औषधाची पातळी वाढवणारं औषध) आणि कोट्रायमोक्साझोलनेही असंच होतं. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करता येते, तिच्यावर याचा परिणाम होत नाही. मात्र आकडा चढतच राहिला, ०.९८, १.१५, १.३५, तर ‘डोल्युटेग्राविरमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

यकृत. एसजीपीटी थोडा वर असेल तर आधी दारू, क्षयरोगाची औषधं, वेदनाशामकं, जडीबुटी आणि यकृतावरची चरबी यांचा विचार होतो. नेविरापिन किंवा एफाविरेन्झ चालू असेल तर औषधाचाही. अटाझानाविरमध्ये बिलिरुबिन वाढून डोळे पिवळे दिसू शकतात. एसजीपीटी ठीक असेल तर ते सहसा निरुपद्रवी असतं, पण कावीळ नाही हे डॉक्टरांकडूनच खात्री करून घ्या.

इशारा: एचबीएसएजी पॉझिटिव्ह असाल, म्हणजे हिपॅटायटिस बी असेल, तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती अचानक थांबवली तर हिपॅटायटिस उसळून यकृत निकामी होऊ शकतं. औषध बदलताना ही गोष्ट प्रत्येक नव्या डॉक्टरला तोंडाने सांगा, फाईलमध्ये लिहिलंय यावर विसंबू नका.

रक्तपेशी. झिडोव्हुडिन घेणाऱ्यांनी हिमोग्लोबिन बघायचं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १०० च्या वर गेला तर झिडोव्हुडिनमध्ये ते अपेक्षितच आहे. हिमोग्लोबिन उतरत असेल तर मात्र लगेच सांगा.

साखर. झिडोव्हुडिन किंवा अबाकाविरवर असताना एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं, म्हणून उपाशीपोटीची साखरही बघा. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर तहान आणि लघवी वाढली तर पुढच्या तारखेची वाट न बघता साखर तपासा.

कोलेस्टेरॉल. लोपिनाविर-रिटोनाविर आणि एफाविरेन्झने ते वाढू शकतं. पण आकडा ‘नॉर्मल’ आला तरी विषय संपत नाही, कारण एचआयव्हीसोबत हृदयविकाराचा धोका मुळातच वाढलेला असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या रिप्रीव्ह चाचणीत ४० ते ७५ वयोगटातल्या, हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेल्या एचआयव्हीबाधितांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध दिलं, तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. तुम्ही या वयात असाल तर स्टॅटिनबद्दल स्वतःहून विचारा. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅटसोबत सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन चालत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिली तर घेण्याआधी थांबा.

## ७. वही आणि भेट

एक साधी वही किंवा फोनमधलं टिपण पुरतं. प्रत्येक तपासणीची एकच ओळ: नमुन्याची तारीख, व्हायरल लोड जसा छापलाय तसाच, सीडी४ आणि टक्का, क्रिएटिनिन, एसजीपीटी, हिमोग्लोबिन, साखर, वजन. शेवटच्या रकान्यात त्या दिवसांत काय चाललं होतं ते: ताप, लस, नवी गोळी, चुकलेल्या मात्रा. तीन-चार ओळी झाल्या की आकडे कुठे निघालेत ते तुम्हालाच दिसायला लागतं. वही घरात कुणाच्या हाती पडायला नको असेल तर औषधांची आणि तपासण्यांची नावं आद्याक्षरांनी लिहा.

भेटीत वेळ थोडा असतो. आत जाण्याआधी हे प्रश्न लिहून ठेवा: माझा व्हायरल लोड दबलेला आहे का? मागच्यापेक्षा बदललेला कोणता आकडा तुम्हाला खटकतो? तो माझ्या कोणत्या औषधामुळे असू शकतो? पुढची तपासणी कधी आणि कशाची? रिपोर्टची प्रत मागून घ्या. ‘सगळं ठीक आहे’ हे तोंडी उत्तर पुढच्या डॉक्टरला दाखवता येत नाही.

पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही अशा गोष्टी: डोळे पिवळे होऊन उलट्या किंवा पोटाच्या उजव्या बाजूला दुखणं, लघवी एकदम कमी होणं, नवी गोळी सुरू केल्यावर तापासह अंगावर पुरळ, धाप लागून चेहरा पांढरा पडणं, सीडी४ कमी असताना न थांबणारी डोकेदुखी. अशा वेळी डबीतल्या सगळ्या गोळ्या आणि शेवटचे दोन रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती थांबवायची हे तिथेच ठरू द्या.